गांगुर्डे परिणामाची फेरतपासणी

१ जुलै २०२४, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. ही वही फक्त माझ्यासाठी आहे. तरीही अक्षर नीट काढतो आहे. पुढेमागे कोणाला संदर्भासाठी लागली तर अडायला नको.

संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे. साखर बंद. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पंधरा ऑगस्टपर्यंत पूर्ण. कॉलेजात कोणाशीही वाद नाही. हे सगळे संकल्प मी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत, त्यामुळे ते पाळले जाण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली आहे. हे मी म्हणत नाही, माझा सिद्धांत म्हणतो. मानसशास्त्रात पीएचडी करताना मीच तो मांडला. संकल्प नुसता बोलून दाखवण्यापेक्षा हाताने कागदावर लिहिला, की माणूस तो पाळतो. बारा वर्षं झाली त्याला. आमच्या विभागात सगळे त्याला 'गांगुर्डे परिणाम' म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, आणि कोणी हरकत घेतलेली नाही.

आज चाललो नाही. सकाळ लिहिण्यात गेली.

४ जुलै

टाच दुखते. चालणं सोमवारपासून. साखर मात्र कडक बंद आहे. गुळाचा चहा साखरेत धरत नाहीत.

९ जुलै, दुपारी

आजचा दिवस माझ्या आयुष्यात महत्त्वाचा ठरणार. माझ्याकडे पीएचडीला नवी मुलगी आली आहे, तेजस्विनी आहेर. चांदवडची. वडील खंडेराव कांदा पिकवतात. बोलते कमी, वहीत बारीक अक्षरात लिहिते जास्त. विषय काय घ्यायचा असं विचारलं तर म्हणाली, "सर, तुमचाच प्रयोग पुन्हा करून बघायचाय."

बारा वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं. लगेच हो म्हटलं.

घरी उज्वलाला सांगितलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे कुठलीही गोष्ट लाल पेन हातात धरून ऐकायची तिला सवय आहे. म्हणाली, एकदा झालाय ना प्रयोग, मग पुन्हा कशाला? मी समजावलं. सिद्धांत म्हणजे काही चौकातला पुतळा नव्हे, एकदा उभारला की झालं. तो दुसऱ्यांनी पुन्हा पुन्हा तपासायचा असतो. परदेशात मोठमोठ्या लोकांचे गाजलेले प्रयोग दुसऱ्यांनी करून बघितले तर कितीतरी टिकलेच नाहीत. उज्वलाने विचारलं, मग तुमचा?

म्हटलं, ते परदेशातलं झालं.

२३ जुलै

तेजस्विनीने एक फॉर्म आणला. पूर्वनोंदणी म्हणतात त्याला. प्रयोग सुरू करायच्या आधीच आपली अपेक्षा काय, मुलं किती घेणार, आकडेमोड कशी करणार, हे सगळं लिहून तारखेनिशी एका वेबसाइटवर ठेवून द्यायचं. निकाल बघून मागाहून बेत बदलता येत नाही. मी म्हटलं, उत्तम. माझ्या वेळी हे नव्हतं, नाहीतर मीच आधी केलं असतं.

मग तिने विचारलं, "सर, कुठला निकाल आला तर सिद्धांत चुकला असं आपण म्हणायचं?"

मी म्हटलं, असा निकाल येणार नाही.

"तरी एक आकडा लागेल, सर. रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही."

प्रश्न मला आवडला. (नंतर आवडला. तेव्हा उद्धट वाटला.) शेवटी लिहून दिलं: लिहिणारे आणि नुसते बोलणारे यांच्यात दहा टक्क्यांहून कमी फरक पडला तर सिद्धांत टिकला नाही असं समजावं. खाली ठसठशीत सही. माझ्या प्रबंधात फरक चौतीस टक्के होता. म्हणजे मी तिला चोवीस टक्क्यांची सवलत दिली. मोठ्या मनाने वागायला आपलं काय जातं?

६ ऑगस्ट

बेत पक्का झाला. चार कॉलेजं: दोन नाशकातली, एक चांदवडचं, एक त्र्यंबकेश्वरकडचं. मुलं चारशे बारा. सगळ्यांचा संकल्प एकच, एकवीस दिवस रोज वीस मिनिटं ग्रंथालयात बसायचं. निम्म्यांनी तो नुसता बोलून दाखवायचा, निम्म्यांनी कागदावर लिहायचा. कोण कुठल्या गटात हे सोडत काढून ठरणार. ग्रंथालयाच्या दारात कार्ड लावायचं मशीन आहे, त्यामुळे कोण आलं, किती वेळ बसलं, सगळं आपोआप नोंदलं जाणार.

मी सुचवलं की गेल्या वेळेसारखं मीच जातीने लक्ष ठेवतो. तेजस्विनी म्हणाली, मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेलं बरं. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? तर म्हणते, "सर, माझा माझ्यावरही नाही."

विचित्र मुलगी. पण गुणी आहे.

संध्याकाळी कॉलेज रोडला पुस्तकासाठी फोटो काढून घेतला. पुस्तकाचं नाव 'लिहा आणि जिंका'. पेन हनुवटीला टेकवून लांब बघतो आहे असा फोटो. फोटोग्राफर म्हणाला, सर, थोडं कमी हसा.

१५ ऑगस्ट

शेवटचं प्रकरण पूर्ण झालं नाही, हे खरं. पण ते मुद्दाम. त्यात तेजस्विनीचा ताजा निकाल घालायचा आहे. वाक्य लिहून ठेवलं आहे: 'नुकत्याच झालेल्या मोठ्या अभ्यासात तब्बल ____ टक्के फरक दिसून आला.' जागा तीन आकडी सोडली आहे. उगाच कमी पडायला नको.

१० सप्टेंबर

निम्मे दिवस झाले. तेजस्विनीला म्हटलं, सहज एक नजर टाकू का आकड्यांवर? म्हणाली, शेवटी एकदमच बघायचं ठरलंय, सर. गाइडलाही नाही? गाइडलाही नाही.

आमच्या ग्रंथालयाच्या दाराशी दिनेश गावित बसतो. सुरगाण्याचा, वीस वर्षं त्याच स्टुलावर. त्याला आडून विचारलं, कसा काय प्रतिसाद? म्हणाला, "येत्यात, जात्यात."

हा सकारात्मक संकेत मानायला हरकत नाही.

१ ऑक्टोबर, दुपारी ४

निकाल आला. लिहिणारे दोनशे सहा, त्यांतल्या एकाहत्तर जणांनी संकल्प पाळला. बोलणारे दोनशे सहा, त्यांतल्या त्र्याहत्तर जणांनी.

दोन जास्त. बोलणाऱ्यांत.

तेजस्विनीची बेरीज चुकली असणार.

त्याच दिवशी, ५.३०

बेरीज बरोबर आहे. तीनदा केली. तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर बदलून.

३ ऑक्टोबर

शांत डोक्याने विचार केल्यावर कारण सापडलं. मधे गणपती आले! निम्मी पोरं ढोलपथकात. अशा वेळी कुठला संकल्प आणि कुठलं ग्रंथालय? तेजस्विनीला लगेच फोन केला. म्हणाली, गणपती दोन्ही गटांना सारखेच होते, सर.

मग चांदवडच्या मुलांचं काय? घरी कांद्याची लागवड चालू. म्हणाली, कांदाही दोन्ही गटांत होता.

५ ऑक्टोबर

पेन! माझ्या प्रयोगात मुलांनी शाईच्या पेनाने लिहिलं होतं. बॉलपेन नुसतं कागदावरून घसरतं, मनात काही उतरत नाही. हे मला आधीच का सुचलं नाही?

तेजस्विनी म्हणाली, हे आपण आधी नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे हाच निकाल नव्या कारणाने वाचता येणार नाही. पण कल्पना तपासण्यासारखी आहे, तर नव्याने तपासू. दहा दिवसांचा छोटा प्रयोग, साठ जणांना शाईची पेनं, साठ जणांना बॉलपेनं.

हिला नाही म्हणताच येत नाही, ही हिची मोठी अडचण आहे.

१८ ऑक्टोबर

शाईमुळे पडलेला फरक: तिघांचे शर्ट खराब झाले. बाकी काही नाही.

मी म्हटलं, कदाचित कागद आखीव होता म्हणून. तेजस्विनी वही मिटून म्हणाली, "सर, आता आपला सिद्धांत असा झालाय. गणपती नसताना, कांदा नसताना, शाईच्या पेनाने, कोऱ्या कागदावर लिहिलेला संकल्प माणूस पाळतो. असा माणूस नाशिक जिल्ह्यात सापडायला वर्षातले किती दिवस मिळतील?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

१९ ऑक्टोबर

फेब्रुवारीत आमच्याच कॉलेजात राज्यस्तरीय परिषद आहे. तेजस्विनीने तिथे वाचायचा निबंध लिहून आणला. पहिल्याच पानावर माझं नाव, आणि त्याच ओळीत 'परिणाम आढळला नाही'. पाठवायला गाइडची सही लागते. मुदत तीस तारखेची.

निबंध टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. सखोल वाचायचा आहे. घाईघाईत सही करणं विज्ञानाच्या दृष्टीने बरं नव्हे.

२१ ऑक्टोबर

चांदवडला जाऊन आलो. हेतू शुद्ध होता. विद्यार्थिनीच्या घरची परिस्थिती गाइडला माहीत असावी. जाता जाता वडिलांच्या कानावर घालायचं होतं की मुलीची घाई होते आहे, एक वर्ष थांबली तर तिच्याच भल्याचं.

तेजस्विनी घरी नव्हती. ते मला ठाऊक होतं.

खंडेराव ओट्यावर बसून कांद्याचं बी निवडत होते. चहा झाला. (साखरेचा. दुसऱ्याच्या घरी नियम लावत नाहीत.) मी विषयाला हात घालायच्या आत तेच म्हणाले, "सर, पोरगी म्हणती तुमचं गणित चुकलं. खरं हाय का?"

मी म्हटलं, तसं एकदम म्हणता येत नाही, बऱ्याच गोष्टी असतात.

ते म्हणाले, "बरोबर हाय. मी बी दोन साल असंच म्हणत होतो. एक नवं बी आणलं होतं. सगळ्या गावाला सांगितलं, लय भारी माल निघंल. मग शेजारी शेजारी दोन वाफे केले, एकात नवं, एकात घरचं. पाणी तेच, खत तेच. नव्याचं काय बी जास्त नाय निघालं."

मी विचारलं, मग?

"मग आधी म्हटलं पाणी कमी पडलं. मग म्हटलं थंडी नाय पडली. बायको म्हणली, थंडी काय एकाच वाफ्यावर पडती व्हय?"

वाईट वाटलं का, असं मी विचारलं. ते जोरात हसले. "वाटलं ना! सगळ्या गावाला सांगून बसलो होतो. गावाला काय, दोन दिवस हसलं अन् इसरलं."

त्यांना मानसशास्त्राची पार्श्वभूमी नाही. त्यामुळे चर्चा पुढे नेली नाही. निघताना पिशवीभर कांदे दिले. एसटीत पिशवी मांडीवर. थांबायचा विषय काढायचा राहूनच गेला.

२७ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. उज्वलाने माळ्यावर चढवलं. टाच दुखते म्हटलं तर म्हणाली, चढायला टाच नाही लागत, चवडे लागतात.

जुन्या ट्रंकेत माझ्या पीएचडीचं रजिस्टर सापडलं. निळं, कापडी पाठीचं. विशेष काही नाही. चाळून परत ठेवलं.

२८ ऑक्टोबर, सकाळी

रजिस्टर पुन्हा काढलं. सहज.

लिहिणाऱ्या गटात पंचवीस नावं आहेत. प्रबंधात अठरा छापली आहेत. सात नावांवर लाल रेघ, आणि पुढे माझ्याच अक्षरात 'गंभीर नाही'. त्या सातही जणांनी संकल्प लिहिला होता आणि पाळला नव्हता. बोलणाऱ्या गटातली मात्र पंचवीसच्या पंचवीस तशीच. तिथे ज्यांनी पाळला नाही, ते गंभीर आहेत की नाहीत हे मी बघितलेलं दिसत नाही.

तांत्रिक बाब आहे. त्या काळी अशी पद्धत होती.

त्याच दिवशी, दुपारी

पद्धत नव्हती.

सात जण धरले तर फरक चौतीसवरून बारा टक्क्यांवर येतो. आणि पन्नास मुलांत बारा टक्के फरक नशिबानेही पडू शकतो. हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवतो.

खोडलेल्यांत एक नाव आहे मोहिनी. पेठची होती. पहिले सहा दिवस नेमाने आली, मग भाताच्या लावणीला घरी गेली. तिने येऊन सांगितलंही होतं, आता आठवतं. तिच्या नावापुढेही तेच लिहिलं आहे.

मला खरंच वाटलं होतं की मी डेटा स्वच्छ करतो आहे.

२९ ऑक्टोबर

उज्वला वह्या तपासत होती. तिला म्हटलं, आमच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी फार पूर्वी काही नावं वगळली होती, त्यांनी आता काय करावं? वर न बघता म्हणाली, "तुम्हीच ना ते?"

मी तिच्या पुढ्यातल्या वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

म्हणाली, "मी नापास पोरांची नावं खोडली तर माझ्याही वर्गाचा निकाल शंभर टक्के लागेल हो." मग पेन खाली ठेवलं. "भीती कशाची वाटते तुम्हाला?"

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. बारा वर्षांचं नाव आहे. पुस्तक येतंय, फोटो काढून झालाय. सगळ्या महाराष्ट्रातले मानसशास्त्रवाले परिषदेला येणार.

ती म्हणाली, "आणि त्या पोरीची मुदत उद्या आहे ना?"

ही तारीख मी तिला सांगितली नव्हती. म्हणजे सांगितली असणार. मी घरी बरंच बोलतो.

३० ऑक्टोबर

सकाळी रजिस्टर पिशवीत घालून निघालो. अशोक स्तंभाच्या सिग्नलला एक कचऱ्याची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. सिग्नल बराच मोठा होता.

तेजस्विनी विभागात बसली होती. मी आधी ड्रॉवर उघडला, निबंधावर सही केली. मग रजिस्टर पुढे ठेवलं. तीन पानी स्पष्टीकरणही लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. तिने सात नावं वाचली. बोट ठेवून, एकेक.

मी म्हटलं, तेव्हा मला ते चुकीचं वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, "सर, हे तुम्ही दाखवलं नसतं तर कोणाला कधीच कळलं नसतं."

"ते माझ्याही लक्षात आलं होतं."

"कधी?"

"आत्ता येताना. अशोक स्तंभाला."

ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग लगेच पान उलटून विचारलं, "आणि सर, हे टिक कसले?"

लिहिणाऱ्या गटाच्या प्रत्येक नावापुढे रोजचे छोटे निळे टिक. बोलणाऱ्यांपुढे एकही नाही. मला काही आठवेना.

११ नोव्हेंबर

टिकांचा उलगडा दिनेशने केला. तेजस्विनीने त्याला रजिस्टर दाखवलं, तर ओळखीचं माणूस भेटावं तसा तो हसला. "सर, तुमी रोज कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभे राहायचे की. ज्याचा कागद हातात, त्याला गाठून इचारायचे, काल बसला होतास का रे? मग टिक करायचे. पोरं तुमाला घाबरून यायची."

आणि बोलणाऱ्यांचं?

"त्यांचा कागदच नव्हता. त्यांना कशावरून इचारणार?"

तेजस्विनी एकदम उभी राहिली. लिहिण्याने काही झालंच नसेल, म्हणाली. लिहिलेला कागद माझ्या हातात होता म्हणून मी विचारत होतो, आणि विचारणारं कोणी होतं म्हणून पोरं येत होती.

मला बसायला स्टूल दिनेशने दिलं.

१३ नोव्हेंबर

बारा वर्षांचा सिद्धांत, आणि त्याचा अर्थ काय, तर पोरं घाबरून यायची.

१४ नोव्हेंबर

पण विचार केला तर विचारणारा कोण होता? मीच! म्हणजे शोध माझाच, फक्त मला माहीत नव्हता. तेजस्विनीला उत्साहाने सांगितलं की याला 'गांगुर्डे परिणाम, सुधारित' म्हणता येईल. ती म्हणाली, आधी तो आहे का ते बघू.

२ डिसेंबर

नवा प्रयोग सुरू. साडेचारशे मुलं, तीन गट. एक नुसता बोलणार, एक लिहिणार, आणि तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला रोज एक वर्गमित्र फोन करून विचारणार, आज बसलास का? चुकीचा ठरवणारा आकडा तेजस्विनीने आधीच भरला. माझी सही तिने मागितली. मी रकाना वाचला आणि केली. ठसठशीत केली नाही.

चालणं बंदच आहे. उज्वला म्हणाली, मी रोज विचारत जाऊ का? म्हटलं, प्रयोग चालू असताना असं काही करणं योग्य नाही.

१० जानेवारी २०२५

निकाल. दीडशेच्या तीन गटांत बोलणारे पन्नास, लिहिणारे बावन्न, विचारपूस झालेले त्र्याऐंशी.

त्र्याऐंशी! मी पेढे आणायला निघालो. तेजस्विनी म्हणाली, थांबा सर, हा एकच प्रयोग झाला, आणि तो आपणच केलाय. मालेगावच्या कॉलेजात अंजली मॅडम म्हणून आहेत, त्या वेगळी मुलं घेऊन करून बघणार आहेत. फोन करणारा मित्र असेल तर काय, अनोळखी असेल तर काय, फोन थांबल्यावर काय, हे सगळं अजून माहीत नाही.

घरी मी म्हटलं, एकदा एवढा छान निकाल आला, आता पुन्हा कशाला? उज्वलाने माझ्याकडे नुसतं बघितलं.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

परिषद झाली.

माझी तयारी पूर्ण होती. बावीस पानी निवेदन, 'एका सिद्धांताचा अस्त: माझी भूमिका'. नवा ब्लेझर. लोक उलटसुलट विचारतील, काही जण चिडतील, वर्तमानपत्रवाले गाठतील असं धरून उत्तरं पाठ केली होती. ब्लड प्रेशरची गोळी जेवणाआधीच घेतली.

तेजस्विनीची वेळ जेवणानंतरची. सभागृहात मोजून एकोणीस माणसं, त्यांतले तिघे झोपलेले. पहिल्या रांगेत खंडेराव, कडक इस्त्रीची टोपी घालून. मुलगी सुंदर बोलली. मूळ प्रयोग काय होता, त्यात काय राहिलं, सात नावं कशी सापडली, नवा निकाल काय. सात नावांच्या जागी माझी मान खाली गेली. वर केली तेव्हा कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

मग बाहेरगावचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "चांगलं काम आहे. मला एक सांगा, हे डॉक्टर गांगुर्डे हयात आहेत का?"

तेजस्विनी म्हणाली, "आहेत, सर. इथेच बसलेत."

मला उभं राहावं लागलं. बावीस पानं हातात होती. एकोणीस माणसं वळून बघत होती. (सोळा.) पहिलं वाक्य होतं, 'ज्ञानाच्या वाटेवर प्रत्येक प्रवाशाला'. ते काही तोंडातून निघेना.

म्हटलं, "मी झुंबर गांगुर्डे. माझं चुकलं होतं. हिचं बरोबर आहे." आणि बसलो.

अध्यक्ष म्हणाले, वा, आम्ही हा सिद्धांत कधी ऐकला नव्हता, आज पडला तेव्हाच कळला. लोक हसले. वाईट हसले नाहीत. मग चहाची वेळ झाली म्हणून सगळे उठले.

बाहेर खंडेराव भेटले. म्हणाले, "सर, मला वाटलं लय वेळ बोलाल."

वर्तमानपत्रवाला एकच होता. त्याने मला जेवणाची कुपनं कुठे मिळतात ते विचारलं.

१८ फेब्रुवारी

प्रकाशकाला फोन करून सांगितलं, पुस्तक थांबवा, त्यातलं मुख्य म्हणणंच खरं नाही. तो म्हणाला, थांबवायचं कशाला सर, नाव 'विचारा आणि जिंका' करू, मधे जिथे जिथे 'लिहा' आहे तिथे 'विचारा' टाकू, एका दिवसाचं काम. फोटो तोच चालेल.

या प्रस्तावावर मी चाळीस मिनिटं विचार केला. खरं तर सव्वा तास. मग नाही म्हटलं. मालेगावचा निकाल यायचा आहे.

३ मार्च, दुपारी

सगळे जुने प्रबंध स्कॅन करायचं काम निघालं आहे. दिनेशने माझा काढून आणून दिला. पाठीची शिवण उसवली होती. म्हटलं, बघ, किती हाताळला गेलाय. दिनेश म्हणाला, "ते झुरळांनी केलं, सर."

मागच्या आतल्या पुठ्ठ्यावर वाचायला नेणाऱ्यांच्या नोंदीचा कागद चिकटवलेला असतो. वरपासून खालपर्यंत कोरा. म्हणजे पहिली ओळ सोडून. तिथे एकच नाव आहे, बारीक अक्षरात: ते. खं. आहेर. पुढे मुदत वाढवल्याचे चार शिक्के.

स्टुलावर बसून पानं उलटत राहिलो. सत्त्याऐंशीव्या पानावर लिहिणाऱ्या अठरा आणि बोलणाऱ्या पंचवीस मुलांचा तक्ता आहे. त्याच्या शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलंय, इतकं हलकं की पान उजेडाकडे धरावं लागलं: 'बाकीची कुठे गेली? सरांना विचारू का?' आणि खाली तारीख.

तेजस्विनी माझ्याकडे आली त्याच्या दोन महिने आधीची.